भिंतीवरची बुरशी कुणाची? घरमालकिणीची की भाडेकरूची?



आषाढ लागला की घरमालकीण आणि भाडेकरू यांच्या फोनवरच्या बोलण्याचा सूर बदलतो. मे महिन्यात घर दाखवलं तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र असतात. जुलैत त्याच भिंतींवर, कपाटामागे, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उमटतात. रंगाचे पोपडे सुटतात, घडी घालून ठेवलेल्या साड्यांना कुबट वास येतो. भाडेकरू म्हणते, "काकू, भिंतीला बुरशी आली आहे, काहीतरी करा ना." काकू म्हणतात, "अगं, खिडक्या उघड्या ठेवत जा. आम्ही राहत होतो तेव्हा असं कधी झालं नाही." पावसाळा असाच जातो. अकरा महिने संपले की अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले जातात आणि दोघी एकमेकींशी बोलेनाशा होतात.

आपल्या समाजात हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. भाड्याने घर देताना आपण आपल्यातलंच कुटुंब शोधतो. कांदा-लसूण न खाणारं, मंदिर किंवा स्थानक जवळ हवं असणारं. घेणाऱ्यालाही तेच हवं असतं. त्यामुळे मालकीण आणि भाडेकरू रोज प्रवचनाला शेजारी बसतात. अशा नात्यात तक्रार करायची कशी? "आपलेच लोक आहेत, जाऊ दे" म्हणत सून कपाटाची जागा बदलते, मुलाचा खोकला हवेवर ढकलते आणि दर रविवारी भिंत पुसत राहते. समोर मालकीणही "आपलेच लोक आहेत, सांभाळून घेतील" म्हणून दुरुस्ती पुढच्या वर्षावर टाकते.

माझं मत सरळ आहे. बुरशी ओलीवर जगते, म्हणून तिची जबाबदारी ओल कुठून आली यावर ठरली पाहिजे. जिच्या हातात ते पाणी थांबवणं आहे, तिने ते थांबवावं आणि त्याचा खर्चही तिनेच करावा. भिंतीतून किंवा छतातून येणारं पाणी थांबवणं भाडेकरूच्या हातात नसतं. ती जबाबदारी मालकिणीची. घरात रोज तयार होणारी वाफ आणि दमट हवा बाहेर घालवणं भाडेकरूच्या हातात असतं, पण त्यासाठी घराला चालू स्थितीतली खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन हवा. तो देणं पुन्हा मालकिणीकडेच येतं.

आपल्यासाठी ही नुसती स्वच्छतेची गोष्ट नाही

सामायिक करण्यापूर्वी आपण इरियावहियं म्हणतो. येता-जाता ज्या जीवांना आपल्याकडून दुखापत झाली असेल त्यांची त्यात नावं घेतो. त्यात 'पणग' हा शब्द आहे. पणग म्हणजे ओलीवर धरणारी बुरशी, जिला आपण घरात लीलन-फूलन म्हणतो. कल्पसूत्रात चातुर्मासात साधू-साध्वींनी जपायच्या आठ सूक्ष्मांची यादी आहे, तिथेही पनक-सूक्ष्म आहे, तेही पाच रंगांचं. लोणच्यावर किंवा खाकऱ्यावर एवढीशी बुरशी दिसली तर तो पदार्थ आपण अभक्ष्य मानून बाजूला ठेवतो. पावसाळ्यात पापडाचे डबे पुनःपुन्हा उघडून बघतो. मग हातभर भिंत बुरशीने भरली तर ती "रंगाची बाब" कशी होते?

काही बायका मला विचारतात, बुरशी पुसणं म्हणजे हिंसा नाही का, मग राहू द्यावी का? मला वाटतं, राहू देणं हा त्यावरचा उपाय नाही. ओल आहे तोवर त्या भिंतीवर जीव उपजत राहणार आणि आपण आज ना उद्या त्यांना पुसणारच. आपण गृहस्थ आहोत. एकेंद्रिय जीवांची हिंसा आपल्याला पूर्ण टाळता येत नाही, पण यत्नाने कमी करता येते. आणि यत्न म्हणजे इथे ओल येऊच न देणं. भिंत कोरडी राहिली तर उत्पत्तीही नाही आणि पुसणंही नाही.

आता हेच मालकिणीच्या बाजूने बघा. पाप करणं, करवणं आणि अनुमोदणं हे तिन्ही आपण मोजतो. वरून गच्ची गळते हे माहीत असून मालकीण दुरुस्ती करत नाही, आणि खाली राहणाऱ्या बाईला दर आठवड्याला बादलीभर फिनाईल घेऊन भिंत घासावी लागते. घासणारा हात भाडेकरूचा असतो, पण ते घासणं करवलं कुणी? याचा विचार प्रतिक्रमणाच्या वेळी भाडेकरूपेक्षा मालकिणीने जास्त करायला हवा.

शरीराचं म्हणाल तर त्यातही शंका ठेवायला जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका वाढतो असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आधीच दमा असलेले यांना हा त्रास सगळ्यात आधी होतो. आणि ओलीच्या घरात दिवसभर कोण असतं? सासूबाई, तान्हं बाळ आणि त्या दोघांना सांभाळणारी बाई.

पाणी कुठून येतंय ते आधी ओळखा

भांडण्याआधी भिंत नीट बघा. ओल साधारण तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

पहिली वाट गळतीची. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, बाहेरच्या भिंतीला तडे असतात, खिडकीच्या चौकटीच्या कडेने पाणी आत येतं किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप झिरपतो. अशा डागाला कडेने पिवळसर-तपकिरी रेघ असते. पाऊस पडला की डाग वाढत असेल तर गच्ची, भिंत किंवा खिडकी बघा. पाऊस असो-नसो, डाग बारा महिने ओलाच असेल तर वरची नहाणी किंवा भिंतीतला पाइप बघा.

दुसरी वाट जमिनीतून. तळमजल्यावर आणि जुन्या वाड्यांत भिंत पायातून पाणी वर ओढते. ओल जमिनीलगत असते आणि दोन-तीन फुटांपर्यंत चढते. तिच्यासोबत बहुतेक वेळा पांढरी पूड येते. तो लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार. ती बुरशी नव्हे. बोटाने झटकला तर मिठासारखा झडतो. पण लोणा दिसला म्हणजे भिंत आतून ओली आहे हे पक्कं समजा.

तिसरी वाट हवेतून. पावसाळ्यात आपल्याकडची हवा आधीच दमट, त्यात स्वयंपाकाची वाफ, अंघोळीची वाफ आणि दोरीवरचे ओले कपडे. ही वाफ थंड भिंतीवर बसते. तिची बुरशी खोलीच्या कोपऱ्यांत, बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, चपलांच्या कपाटात, म्हणजे जिथे हवा खेळत नाही तिथे येते. डागाला रेघ नसते, नुसते ठिपके पसरलेले असतात.

तरीही कळत नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा आहे. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर चौकोन घ्या. भिंतीवरची ती जागा कोरड्या फडक्याने टिपा, कागद लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी बघा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवेतली वाफ आहे. दोन्हीकडे असेल तर दोघींनाही काम आहे. ही परीक्षा मालकीण आणि भाडेकरूने एकत्र करावी, दोघींसमोर कागद काढावा. निम्मं भांडण तिथेच संपतं.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात भाड्याच्या घरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. मालकाने ते केलं नाही तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊ शकते. त्यानंतरही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकते. किती रक्कम वळती करायची याला कायद्याने मर्यादा घातली आहे, म्हणून असं पाऊल वकिलाला विचारूनच उचलावं.

पण इथे एक मेख आहे आणि ती आपल्या बहुतेक जणींना माहीत नसते. आज शहरात जी घरं दिली जातात ती बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर, अकरा महिन्यांसाठी. त्या करारात राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते. तिला ठरावीक काळ राहण्याची परवानगी दिलेली असते, इतकंच. कलम १४ चं संरक्षण 'भाडेकरू'ला आहे. त्यामुळे अकरा महिन्यांच्या करारात दुरुस्तीबद्दल जे लिहिलं असेल तेच खरं महत्त्वाचं. बहुतेक छापील करारांत एवढंच असतं की जागा जशी घेतली तशी परत करावी, वापराने होणारी साधारण झीज वगळून. ओल, गळती, बुरशी यांबद्दल एक शब्द नसतो. मग दोघीही तेच वाक्य आपल्या बाजूने वाचतात.

त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार, मग तो लीव्ह अँड लायसन्सचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "आपलेच लोक आहेत, कागद कशाला" म्हणणाऱ्या मालकिणींनी हे कलम जरूर लक्षात ठेवावं.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा तयार केला. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण त्यातली कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. इमारतीच्या बांधकामाची दुरुस्ती, भिंतींना सफेदी, गरजेप्रमाणे नळाचे पाइप बदलणं आणि विजेचं वायरिंग ही कामं मालकाकडे. नळाचे वॉशर, मोऱ्या साफ ठेवणं, बेसिनची दुरुस्ती, बटणं-सॉकेट, खिडक्यांच्या काचा ही कामं भाडेकरूकडे. भाडेकरूने स्वतः केलेलं नुकसान मालकाच्या माथी मारायचं नाही, हेही त्यात आहे. अकरा महिन्यांच्या करारात हीच वाटणी उतरवून घ्यायला कुणाची हरकत असू नये.

आणि तिसरा पक्ष विसरू नका, सोसायटी. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांतून येणारी गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे गृहनिर्माण संस्थेचं काम आहे. वरच्या घराच्या संडास-बाथरूममधून झिरपत असेल तर तो खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा आणि संस्थेने त्यात मदत करायची. पण संस्थेची सभासद मालकीण असते, भाडेकरू नव्हे. भाडेकरूचा अर्ज कमिटीच्या फाइलमध्ये पडून राहतो. म्हणून "सोसायटीचं काम आहे, तूच सेक्रेटरींना सांग" असं भाडेकरूला सांगणं बरोबर नाही. अर्ज मालकिणीने स्वतःच्या सहीने द्यायचा, त्याची पोच घ्यायची आणि मासिक सभेत विचारायचं.

मुंबईत गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीकडे आपली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पागडीच्या घरांत आहेत. ती कायद्याने खरोखर भाडेकरू आहेत आणि कलम १४ त्यांच्यासाठी आहे. पण भाडं इतकं थोडं असतं की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, हेही खरं. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचं इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ आहे. तिथे अर्ज एकेकीने करण्यापेक्षा सगळ्या मजल्यांनी मिळून केला तर त्याला वजन येतं.

"तुमच्या राहणीमुळेच होतंय"

मालकाच्या तोंडचं हे सगळ्यात आवडतं वाक्य. ते किती महागात पडू शकतं याचं एक उदाहरण इंग्लंडचं आहे. रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ आईवडिलांबरोबर भाड्याच्या घरात राहत होतं. घर एका गृहनिर्माण संस्थेचं होतं. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ मध्येच केली होती, तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं. पुढेही दोष कुटुंबाच्या राहणीवर, त्यांच्या अंघोळीच्या पद्धतीवर ढकलला गेला. डिसेंबर २०२० मध्ये ते बाळ गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला होता. त्यानंतर तिथे त्या बाळाच्या नावाने कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहनिर्माण संस्थांना बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी १० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते आणि धोका आढळला तर पुढच्या ५ कामकाजाच्या दिवसांत तो दूर करावा लागतो. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण ती चूक मात्र आपल्याकडे रोज होते. न बघता, फोनवरच, "तुम्ही लोक खिडक्या उघडत नाही" असं सांगून मोकळं व्हायचं. आधी येऊन बघा, मग बोला.

राहणीचा काहीच संबंध नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याच घरांतल्या दोन सवयी बघा. रोज मोठं पातेलं भरून पिण्याचं पाणी उकळायचं आणि ते उघडं ठेवून थंड करायचं. आणि दिवेलागणीला किडे-पाखरं दिव्यावर येऊन मरू नयेत म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. दोन्ही सवयी चांगल्या, दोन्हींमागे जीवदयाच. पण पावसाळ्यात वाफ आत कोंडते ती यामुळेच. उपाय सवय मोडण्याचा नाही. पाणी उकळताना आणि निवताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट फॅन लावा. खिडकीला बारीक जाळी बसवा, म्हणजे संध्याकाळीही ती उघडी ठेवता येईल. जाळी बसवू देण्याची परवानगी मालकिणीने आनंदाने द्यावी, जमलं तर खर्चही द्यावा. तिच्याच भिंती वाचणार आहेत.

भाडेकरू बहिणींसाठी

ओल दिसली की त्याच आठवड्यात कळवा. दिवाळीपर्यंत थांबू नका. फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळींचा मेसेज पाठवा, तारखेसह फोटो जोडा. यात अविश्वास काही नाही. उद्या आपल्या घराचा हिशेब द्यायचा तसाच हा.

घर घेतानाच फोटो काढून ठेवा. प्रत्येक भिंतीचा, छताचा, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा. मे महिन्यात घर बघायला जाल तेव्हा नव्या रंगाच्या वासाने हुरळून जाऊ नका. शेजारणीला विचारा, "पावसात इथे काय होतं?" ती खरं सांगते.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. ओले कपडे बंद खोलीत वाळवू नका. इलाज नसेल तर एकच खोली ठरवा, पंखा लावा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. जमिनीवर किंवा गादीवर पाणी सांडलं तर एक-दोन दिवसांच्या आत पूर्ण सुकवा, बुरशीला धरायला त्याहून जास्त वेळ लागत नाही. बुरशी पुसायची वेळ आलीच तर कोरडा झाडू मारू नका, तिची पूड घरभर उडते. नाकाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने हलकेच टिपा आणि जागा वाऱ्यावर कोरडी करा. मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा.

हे सगळं करूनही भिंत ओलीच असेल तर मन खात बसू नका. ती गळती आहे आणि ती थांबवणं तुमचं काम नाही.

घरमालकीण बहिणींसाठी

आपल्यापैकी अनेक जणींच्या नावावर एखादा फ्लॅट असतो. कुणाला सासऱ्यांनी दिलेला, कुणी नवऱ्याबरोबर कर्ज काढून घेतलेला. त्या भाड्यावर कर्जाचा हप्ता जातो, कुणाचं म्हातारपण चालतं. दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो हे मला मान्य आहे. गच्चीचं काम म्हटलं की जुना कोबा फोडण्यापासून सुरुवात होते आणि सोसायटी वर्षभर नुसती कोटेशन्स मागवते. वरच्या मजल्यावरचे लोक दारही उघडत नाहीत. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. पण आपल्या अडचणीचा त्रास भाडं भरणाऱ्या कुटुंबाने फुप्फुसात घ्यावा, हे मात्र पटत नाही.

वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही, कोरड्या भिंतीवरच ते धरतं. म्हणून जुलैत आलेल्या तक्रारीवर "आत्ता काही करता येणार नाही" हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काम लगेच करता येतं. स्वतः जाऊन बघा. खिडकीची फट बुजवा, गच्चीवर ताडपत्री टाका, पाणी तुंबलेली पन्हळ मोकळी करा, बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन बदला. एखादी खोली वापरता येत नसेल तर त्या महिन्यांचं भाडं कमी करा. आणि पक्कं काम फेब्रुवारी ते मे दरम्यान कोणत्या महिन्यात करणार ते लिहून द्या.

ओल्या भिंतीवर रंग मारून नवीन भाडेकरूला घर दाखवू नका. नुसता रंग बुरशी थांबवत नाही, दोन-चार महिने झाकतो. ओल माहीत असून न सांगता घर देणं आपल्या सत्याच्या व्रतात कसं बसतं, ते ज्याने-त्याने ठरवावं.

अनामत रकमेबद्दल तर मी जास्तच स्पष्ट बोलते. ती रक्कम भाडेकरूची आहे, आपल्याकडे ठेवायला दिलेली. भाडेकरूने भिंतीत खिळे ठोकून प्लास्टर पाडलं असेल, बेसिन फोडलं असेल तर तेवढे पैसे जरूर घ्या, बिल दाखवून घ्या. पण गच्चीच्या गळतीने खराब झालेल्या भिंतीचा रंग तिच्या पैशातून काढणं म्हणजे न दिलेलं घेणं. आपल्याकडे त्याला अदत्तादान म्हणतात. दुकानात मापात मारलेलं पाप आपल्याला लगेच कळतं. अनामत रकमेतलं कळत नाही, कारण ते आपल्या घरातच होतं आणि "सगळेच कापतात" म्हणून खपून जातं.

करारात एवढं लिहा

वकिलाची मोठी भाषा नको. साध्या मराठीत पाच गोष्टी लिहून दोघींनी सही करावी. घर देताना भिंती-छताचे फोटो दोघींकडे राहतील. गळती, झिरप, जमिनीतली ओल मालकीण दुरुस्त करेल, सोसायटीकडे पाठपुरावाही तीच करेल. खिडक्या उघडणं, वाफ बाहेर घालवणं, मोऱ्या साफ ठेवणं भाडेकरू करेल. ओल दिसल्यावर भाडेकरू सात दिवसांत लेखी कळवेल आणि त्यानंतर सात दिवसांत मालकीण येऊन बघेल. अनामत रकमेतून काही कापायचं असेल तर फोटो आणि बिल दाखवूनच. दिवसांचे आकडे तुम्ही आपापसांत कमी-जास्त करा, पण आकडा लिहा. "लवकरात लवकर" असं लिहिलं तर ते कधीच होत नाही.

अट घालताना संकोच वाटेल, कारण समोर आपलीच बाई असते. पण लिहून ठेवलं तर संबंध टिकतात, हा आपल्या व्यापारी घरांचा जुना अनुभव आहे. सख्ख्या भावांच्याही वह्या वेगळ्या असतात आणि म्हणूनच ते दिवाळीला एकत्र बसून जेवतात.

भाद्रपदात आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम म्हणतो. मालकीण भाडेकरूला म्हणते, भाडेकरू मालकिणीला. तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि भिंत अजून ओली असते. यंदा क्षमा मागायला जाल तेव्हा त्या घरातली ती भिंतही बघून या. आणि दुरुस्तीची तारीख तिथेच सांगून या.

जय जिनेंद्र.